एक ठोका, सावरडोह फाटा

१

बंद पडलेल्या गाडीत तीनच गोष्टी बघायच्या असतात. ठिणगी पडते का, पेट्रोल पोचतं का, इंजिनात दाब आहे का. तिन्ही असतील तर गाडी चालू व्हायलाच पाहिजे. होत नसेल तर तुमचं तपासणं चुकलं. हे मला आधी अब्बांनी मुकुटबनच्या गॅरेजात शिकवलं आणि नंतर यवतमाळच्या कॉलेजात चार वर्षं आकृत्या काढून शिकवलं. दोन्हीकडचं उत्तर एकच निघालं याचा मला फार आनंद झाला होता. ज्याचं कारण सापडतं ते दुरुस्त होतं. आमच्याकडे माणसं मरतात ती कारण न शोधल्यामुळे, असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचो.

अतियाबाजीचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं, पहिलं बाळ असंच गेलं. कळा सुरू झाल्या, ॲम्ब्युलन्सला फोन केला, गाडी दुसऱ्याच टोकाला गेलेली. मी तेव्हा सुट्टीवर घरी होतो. आम्ही ओट्यावर बसून सव्वादोन तास वाट बघितली. वणीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी घड्याळाकडे बघितलं.

त्यानंतर मी बाहेरची नोकरी सोडून परत आलो आणि हिरासिंगकडून त्याची जुनी व्हॅन घेतली. हिरासिंगने ती अठरा वर्षं मुकुटबन–वणी रस्त्यावर सवारीला चालवली होती. पांढरा रंग पिवळा पडलेला, इंजिन पुढच्या सीटखाली, मागे समोरासमोर दोन बाकं आणि बाजूला सरकणारं दार, जे उघडताना खर्रर्र करत जायचं आणि शेवटी ठप्प थांबायचं. मी तिच्यावर लाल अक्षरांत माझा फोन नंबर रंगवला. पेशंट असेल तर कधीही बोलवा. कोणाला ओट्यावर बसून वाट बघावी लागू नये, एवढंच मला हवं होतं. आणि बाजीला तर नाहीच. तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा महिना लागला होता.

पहिले पाच आठवडे गाडी घड्याळासारखी चालली. मग एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वणीला पेशंट सोडून मी रिकामा परत येत होतो. सावरडोह फाट्याजवळ मागून पत्र्यावर एक ठोका पडला.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. शेअर गाडीत वाढलेल्या माणसाला ही भाषा शिकवावी लागत नाही. एक ठोका म्हणजे थांब, कोणाला तरी उतरायचंय. दोन ठोके म्हणजे चल. मी गाडी हळू केली आणि मग लक्षात आलं की मागे कोणीच नाही.

मी पुन्हा वेग घ्यायला गेलो, आणि इंजिन बंद पडलं.

सेल्फ मारला. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. सीट उचलून प्लग काढला, पत्र्याला टेकवून बघितला, ठिणगी पडत होती, चांगली निळी. कार्बोरेटरची नळी काढली, पेट्रोल येत होतं. दाब तर होताच, अंगठा टेकवला तर ढकलून देत होता. तिन्ही गोष्टी होत्या. गाडी चालू होत नव्हती.

भोवती उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे खाणीतून काढलेल्या मातीचा करडा डोंगर. सावरडोह गाव आता तिथे नाही. कोळशासाठी उचललं, त्याला सात वर्षं झाली. जिथे गाव होतं तिथे खड्डा आहे. फाट्यावरचा सिमेंटचा थांबा तेवढा राहिला, नाव अर्धं पुसलेलं. कॉलेजच्या अंकात मी त्यावर रागाने एक लेखही लिहिला होता.

चाळीस मिनिटांनी गाडी आपसूक चालू झाली.

२

“कॉइल गरम होऊन राह्यली,” अब्बा म्हणाले. माझे अब्बा मोहिउद्दीन मिस्त्री. बोनेटवर तळवा ठेवून आजार सांगतात अशी त्यांची ख्याती. “गरम झाली की मरते, थंडी झाली की जिती होते.”

“ठिणगी होती, अब्बा. मी बघितली.”

“बघितली असन. तुह्या पुस्तकात ठिणगी एकाच जातीची असते.”

आम्ही कॉइल बदलली. कंडेन्सर, प्लगच्या वायरी आणि पेट्रोलचा फिल्टरही बदलला. टाकी काढून धुतली. दोन तास गाडी जागेवर चालू ठेवली, उन्हात, मुद्दाम. एकदाही अडखळली नाही.

बाजी पोट सांभाळत चहा घेऊन आली आणि सरकत्या दारात बसली. तिचा नवरा शादाब चंद्रपूरला कामाला, म्हणून बाळंतपणाला ती आमच्याकडेच होती.

“काय झालं इंजिनिअर साहेबाच्या गाडीले?”

“काही नाही. होईल नीट.”

“तुह्यासारखीच हाय थे. मधातच रुसून बसते.” ती हसली, मग बाकावर हात फिरवत म्हणाली, “माह्या वक्ताला रुसली त मी चालत जाईन वणीले, अन् पोराचं नाव तुह्यावर ठेवनार नाई.”

“बाजी, तुझ्या वेळेला ही गाडी थांबणार नाही. माझा शब्द आहे.”

तिने कप खाली ठेवला आणि दार लोटून बघितलं, खर्रर्र, ठप्प.

३

पुढच्या आठवड्यात मी रुक्माबाईंना घेऊन चाललो होतो. जामणीकडच्या एका वस्तीवरच्या म्हाताऱ्या, साखर फार वाढलेली, पायाला जखम. सोबत कोणी नव्हतं. मुलगा शेतातून परस्पर वणीला येणार होता.

आरशातून बघितलं तर त्या मागच्या बाकाच्या अगदी कोपऱ्यात, खिडकीला चिकटून, पाय आवळून बसल्या होत्या. बाकी सगळा बाक मोकळा.

“मावशी, पाय लांब करा ना. एवढी जागा आहे.”

“बसली ना बाबू. जागा कुठी हाय?”

मी मनात नोंद केली, साखर वाढली की माणसाला भान राहत नाही.

फाटा आला. ठक्. एकच ठोका. या वेळी मी नीट ऐकला. तळव्याने मारल्यासारखा, दाराच्या वरच्या पत्र्यावर, आतून. इंजिन दोनदा हुचकलं आणि बंद पडलं.

“मावशी, तुम्ही ठोकलं का?”

“मी कायले ठोकू? मले वणीले जायाचं हाय.” मग त्या जरा वैतागून म्हणाल्या, “उतराचं हाय कोनाले. उघड ना दार.”

मी सीट उचलून ठिणगी बघत होतो. ठिणगी होती. मागे खर्रर्र करत दार सरकलं. रुक्माबाईंनीच ते हात लांबवून उघडलं होतं. त्या बाहेरच्या उन्हाकडे बघत बसल्या, जशी माणसं दुसरा उतरेपर्यंत बसतात, काही विचार न करता. मग गुडघे सैल केले, दार लोटलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.

“चाल बाबू.”

मी चावी फिरवली. पहिल्या फटक्यात चालू.

वणीला त्यांना उतरवताना मी पाहिलं, त्या पाय पसरून ऐसपैस बसल्या होत्या. मी वहीत लिहिलं: दुसरी वेळ, तीच जागा, तीन मिनिटं. जागेचा चढ तपासणे. रुक्माबाईंबद्दल काहीच लिहिलं नाही. ते लक्षण गाडीचं नव्हतं.

४

तरी मी हिरासिंगकडे गेलो. तांड्यावर त्याच्या घरापुढे तो बाज विणत बसला होता. मी म्हणालो, गाडी एकाच जागी बंद पडते. त्याने दोरी ओढली, गाठ मारली.

“फाट्यावर?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“थांबत नसशीन तू.”

“कशाला थांबू? तिथे गाव नाही, सवारी नाही.”

“गाव उचललं. फाटा कोनी उचलला?” तो हसला नाही. “मी रोज थांबत होतो. ठोका पडला की थांबाचं, दार उघडाचं, जरा दम खायाचा, दार लावाचं, मंग दोन ठोके अन् चाल. माही गाडी कवाच बंद नाई पडली.”

“कोण ठोकतं, हिरासिंगभाऊ?”

“मी मांगं पाहतच नव्हतो. डायवरनं समोर पाहावं.”

मी चिडलो. अशाच गोष्टींमुळे आपल्याकडे लोक आजारी माणसाला दवाखान्याऐवजी अंगारेवाल्याकडे नेतात, असं बरंच काही बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तूच तो ना, सावरडोहवर लेख लिवनारा? माह्या नातीनं वाचून दाखोला. लई चांगला लिवला. त्या गावाचं कोनी ऐकलं नाई म्हन्ते त्यात.” त्याने दोरी दाताने तोडली. “एवढा लिवला, अन् दोन मिन्टं थांबाले तुले काय झालं?”

मी उठलो. मागून तो म्हणाला, “पोट्ट्या, एक ध्यानात ठेव. उतरनारा उतरल्याबिगर दोन ठोके द्याचे नाई. सवारीच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवते.”

५

कारण शोधायचं तर बिघाड पुन्हा घडवून आणावा लागतो. रविवारी भर दुपारी मी एकटाच फाट्यावर गेलो. हत्यारं, टेस्टर, पाण्याची बाटली, वही.

थांब्यापाशी गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मस्त चालत होतं. पलीकडच्या झाडाखाली एक कुत्रं झोपलं होतं. मी गिअर टाकला, गाडी हातभर पुढे गेली.

ठक्.

इंजिन बंद. कुत्रं उठून चालायला लागलं, पळालं नाही, नुसतं चालत लांब गेलं.

मी सीट उचलली आणि इंजिनावर वाकलो. ठिणगी होती. पेट्रोल होतं. आणि मी असा वाकलेला असताना गाडीचा मागचा भाग हलला. फार नाही. बसलेल्या माणसाने कूस बदलली की मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, करकरतात, तेवढाच. मग पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूने.

मी मान वळवली. दोन्ही बाकं रिकामी. रेग्झिनवर खोलगट जागा होत्या, बसून बसून पडतात तशा. अठरा वर्षांच्या सवारीने पडलेल्या, मी स्वतःला सांगितलं. पण मी त्या मोजायला लागलो, आणि चार मोजून थांबलो, कारण पाचवी माझ्यादेखत हळूहळू खोल होत होती.

उन्हाने रेग्झिन ताणतं आणि सैल होतं. हे खरं आहे, कोणीही करून बघावं.

ठक्.

मला भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला राग आला. हिरासिंगचा आला, त्या थांब्याचा आला, बाजीला आता आठवा महिना सरत आला होता आणि मी उन्हात एका ठोक्याशी भांडत बसलो होतो त्याचा आला. दारापर्यंत जायचीही माझी इच्छा नव्हती. मी पुढूनच हात मागे टाकला आणि छताच्या पत्र्यावर दोन ठोके हाणले, जोरात.

चावी फिरवली. चालू.

आणि तिथेच मला कारण सापडलं. कार्बोरेटरच्या वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो आणि त्याला एक सुई. ती सुई झिजली की अडकते. मग पेट्रोल नळीपर्यंत येतं, पण हवं तेवढं आत जात नाही. हादरा बसला की सुटते. रुक्माबाईंच्या थापेने सुटली, माझ्या ठोक्याने सुटली. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांत आपली आपण सुटली. मी हसलो. एकटाच, मोठ्याने. घरी येऊन वाटी उघडली तर सुईवर खरंच झीज होती. नवी बसवली.

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही.

६

ठोका मात्र यायचा. फाट्यावर, जाताना-येताना. बाजूचा पत्रा सैल असणार, रस्त्यावर तिथे खड्डा आहे. मी ब्रेकला पाय लावत नसे. छतावर आपलेच दोन ठोके द्यायचे आणि वेग घ्यायचा, अशी सवयच लागली. पेशंट हसायचे. त्या महिन्यात मी बऱ्याच फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक माणूस वेळेवर पोचला. हे मी आजही सांगतो.

एका सकाळी अब्बा गाडीच्या मागे उकिडवे बसले होते.

“मागचे पाटे बसले रे. काय भरून आनतो तू हिच्यात?”

“काहीच नाही. काल रिकामी आणली.”

“रिकामी गाडी अशी बसत नाई.”

चाक आणि पत्र्यात चार बोटांचं अंतर असायला हवं, दीडच उरलं होतं. आम्ही नवे पाटे टाकले. गाडी जॅकवरून खाली उतरवली, तशी ती सावकाश खाली आली आणि पुन्हा दीड बोटावर थांबली. अब्बांनी मागच्या पत्र्यावर तळवा ठेवला, नेहमीसारखा. बराच वेळ ठेवला. मग हात काढून त्यांनी लुंगीला पुसला.

“जुनेद, ही गाडी रात्रीची आपल्या भिंतीशी नोको लावू. तिकडं बाभळीखाली लाव.”

“का?”

“लाव म्हनलं ना.”

अम्मीला पण अलीकडे घर भरल्यासारखं वाटायचं. एकदा ती चार माणसांच्या घरात पीठ भिजवता भिजवता थांबली आणि म्हणाली, “किती जनं जेवाचे हाय आज?” मग स्वतःच डोक्याला हात लावून हसली. बाजी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“तू फाट्यावर थांबतो का रे?” तिने मला नंतर विचारलं.

“तुला कोणी सांगितलं?”

“हिरासिंगची नात सांगत होती. थांबतो का?”

“गाडी सुधारली बाजी. आता थांबायची गरजच नाही.”

७

कळा सकाळी नऊला सुरू झाल्या. आमची गाडी दारात उभी. ओट्यावर कोणाला बसावं लागलं नाही. सव्वानऊला आम्ही निघालोसुद्धा, पुढे मी आणि अब्बा, मागे बाजी आणि अम्मी. माझी अम्मी अनवरी, जिच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही, ती बाजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला अभिमान वाटत होता. लपवून काय करू, फार अभिमान वाटत होता.

गाडी ओढत नव्हती. दुसऱ्या गिअरवर चढ चढवावा लागत होता.

“अम्मी, सरक ना थोडी,” बाजी म्हणाली.

“मी त इकडं हाय बेटा. तुह्या डोक्याकडं.”

“मंग पायाशी कोन हाय?”

मी आरशात बघितलं नाही. डायवरनं समोर पाहावं.

फाट्याचा थांबा दिसला. मी आधीच हात वर केला होता, छताला. ठोका पडला आणि त्यावर लगेच मी दोन ठोके दिले आणि पाय दाबला.

ठक्.

मी पुन्हा दोन दिले. ठक्. मागच्या दारावर. ठक्, डाव्या पत्र्यावर. ठक्, छतावर, माझ्या हाताशेजारी. मग ते एकामागून एक पडायला लागले, प्रत्येक एकटा, प्रत्येक वेगळ्या हाताचा, जशी भरलेल्या गाडीतली सगळी माणसं आपापला फाटा मागे पडताना ठोकतात. इंजिन बंद पडलं.

सेल्फ मारला. मारत राहिलो. अब्बांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंड होता.

“जुनेद,” बाजी मागून म्हणाली. तिचा आवाज शांत होता, रडका नव्हता. “दार उघड. उतरू दे यांना.”

मी उतरलो. बाजूने गेलो आणि दार ओढलं. खर्रर्र, ठप्प. आत बाजी आडवी होती, अम्मी डोळे मिटून ओठ हलवत होती, आणि समोरच्या रिकाम्या बाकावर मी नजर टाकली नाही. मी खाली, मागच्या चाकाकडे बघत उभा राहिलो. मला तेवढंच बघता आलं.

गाडी वर उचलली गेली. बोटभर. थांबली. मग आणखी. पाटे करकरत होते. उतरणारा पाय आधी पायरीवर जोर देतो, तेव्हा गाडी त्याच्याकडे कलते आणि मग हलकी होते. तशी ती कलत होती आणि हलकी होत होती, पुन्हा पुन्हा, काही घाई न करता. कोणी जड होतं. कोणी फार म्हातारं असावं, कारण ते कलणं बराच वेळ टिकलं. एकदा माझ्या बाहीला काहीतरी घासून गेलं, जुन्या धुतलेल्या कापडासारखं. रस्त्याच्या कडेच्या धुळीत मी पावलं शोधली नाहीत.

बाजी कण्हली. अम्मी म्हणाली, “लवकर कर रे बेटा.”

अंतर चार बोटांचं झालं. पाटे गप्प झाले. मी मनात म्हणालो, झालं. पण हिरासिंगचं वाक्य डोक्यात होतं, उतरणारा उतरल्याशिवाय नाही, आणि या एका वेळी मला घाई करायची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी थांबलो. अजून थोडा. अजून थोडा. दार सताड उघडं ठेवून.

आणि मग गाडी अजून एकदा हलली. अगदी थोडी. मुलाने बाकावरून उडी मारावी, तेवढीही नाही. अंतर चार बोटांहून केसभर जास्त झालं.

बाजीचं कण्हणं थांबलं. तिने पोटावरचा हात उचलला, बघितला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

“कळ थांबली का?” अम्मीने विचारलं.

बाजी उघड्या दारातून बाहेर बघत होती, त्या मातीच्या डोंगराकडे. मी दार लावलं. दोन ठोके दिले. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली आणि वणीपर्यंत इतकी हलकी पळाली, जशी कधीच पळाली नव्हती.

८

बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असं होतं कधी कधी, कोणाची चूक नसते. तुम्ही तर वेळेत आणलं होतं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. कारण सापडलं होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

बाजी घरी आली. चौथ्या दिवशी मी वणीला एका पेशंटला सोडून परत आलो, तर ती दारात उभी होती.

“थांबला होता?”

“हो.”

“दार उघडलं?”

“उघडलं.”

“मंग?”

मी मान हलवली, नाही. ती आत गेली. त्यानंतर ती रोज विचारते, तेच तीन प्रश्न, त्याच क्रमाने. मीही रोज थांबतो. आता ठोका पडत नाही. तरी मी थांबतो, उतरतो, दार ओढतो आणि मागच्या चाकाकडे बघत उभा राहतो. पऱ्हाट्या उपटून झाल्या आहेत, त्यामुळे फाट्यापासून खड्ड्याच्या कडेपर्यंत सगळं उघडं दिसतं.

आज परत येताना मी रिकामा होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. दार उघडलं. कुत्रं झाडाखाली होतं, ते उठून लांब गेलं. मी चाकावर चार बोटं ठेवून बघितली, चार आणि वर केसभर.

मग गाडी खाली बसली. केसभर. माझं सगळ्यात वरचं बोट पत्र्याला टेकलं.

मी तसाच उभा राहिलो. कोणाला उतरायचं होतं का याची वाट बघितली, नियमाप्रमाणे. गाडी वर आली नाही. बाकाच्या कोपऱ्यात, खिडकीच्या बाजूला, रेग्झिनवर एक लहानशी खळगी होती, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. मी तिच्याकडे बघितलं. या वेळी बघितलं.

उतरणारा उतरल्याशिवाय दोन ठोके द्यायचे नाहीत. मला ते पाठ आहे. ज्याला घरी न्यायचं नाही त्याला घरी नेलं की काय होतं, तेही माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल.

पण दारात बाजी उभी असणार होती.

मी दार सावकाश लोटलं, आवाज होऊ न देता. पुढे येऊन बसलो. आणि छताच्या पत्र्यावर, झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या हळू, दोन ठोके दिले.